वनप्रकार व जलवायुमान

विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना वनांचे स्वरूप क्रमाक्रमाने बदलते. सदाहरित वर्षावने, मोसमी पानझडी वने, भूमध्य सामुद्रिक जलवायुमानातील जाड व चिवट पानांची वने, समशीतोष्ण कटिबंधातील पानझडी वने आणि उत्तरेकडील सूचिपर्णी वने (तैगा) असा हा क्रम स्थूलमानाने सांगता येतो. तापमान व पर्जन्य हे त्याचे प्रमुख नियामक घटक होत. ही कल्पना आज सर्वपरिचित असली, तरी तिला शास्त्रीय रूप येण्यास सु. एक शतक लागले आणि तिच्या मर्यादांविषयी अद्यापही मतभेद आहेत.

ऐतिहासिक विकास : स्थान व हवा यांनुसार वनस्पती बदलतात, हे थीओफ्रॅस्टस (इ. स. पू. सु. ३७१–२८७) या ग्रीक विद्वानाने नमूद केले होते. तथापि या विषयाचा पद्धतशीर पाया आलेक्सांडर फोन हंबोल्ट (१७६९–१८५९) यांनी घातला. जून १८०२ मध्ये अँडीज पर्वतातील चिंबोराझो शिखरावर चढताना त्यांनी विविध उंचींवरील वनस्पती, तापमान व वायुदाब यांच्या नोंदी घेतल्या. विषुववृत्ताजवळील एकाच पर्वताच्या उतारावर पायथ्याच्या दाट वनांपासून हिमरेषेपर्यंत जे पट्टे आढळतात, ते निरनिराळ्या अक्षांशांवरील पट्ट्यांशी मिळतेजुळते असतात, हे त्यांनी दाखविले. १८१७ मध्ये त्यांनी समताप रेषांची कल्पना मांडली. एकाच अक्षांशावरील सर्व ठिकाणे सारखी उष्ण नसतात, हे त्यावरून स्पष्ट झाले.

आल्फाँस द कांदॉल (१८०६–९३) यांनी १८७४ मध्ये उष्णता व ओलावा यांच्या गरजेनुसार वनस्पतींचे गट पाडले. त्यांच्या आधारे व्ह्लाडिमिर कपेन (१८४६–१९४०) यांनी १९०० मध्ये जलवायुमानाचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमान १०° से. पेक्षा कमी असल्यास तेथे सामान्यतः वृक्ष वाढत नाहीत, ही त्यांची मर्यादा आजही उपयुक्त मानतात. येथे एक तार्किक अडचण मात्र उद्‌भवते. जलवायुमानाच्या सीमा वनस्पतींवरून ठरविल्या आणि पुढे त्याच सीमांवरून वनस्पतींचे स्पष्टीकरण केले, तर ते युक्तिचक्र होते.

आंड्रेआस शिंपर (१८५६–१९०१) यांनी १८९८ मधील ग्रंथात वनस्पतींच्या शरीरक्रियांच्या आधारे हा संबंध स्पष्ट केला. ‘उष्ण कटिबंधीय वर्षावन’ ही संज्ञा त्यांनीच रूढ केली. जलवायुमानामुळे बनणारे व मृदेमुळे बनणारे वनस्पतिसमूह असा महत्त्वाचा भेदही त्यांनी केला.

भारतातील वर्गीकरण : हॅरी चँपियन (१८९१–१९७९) यांनी १९३६ मध्ये भारत व ब्रह्मदेश यांतील वनप्रकारांचे वर्गीकरण केले. एस्. के. सेठ यांच्यासह केलेली त्याची सुधारित आवृत्ती १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत भारतातील वनांचे १६ गट केलेले आहेत. भारतात अक्षांशापेक्षा मोसमी पावसाचे प्रमाण व कोरड्या ऋतूचा कालावधी अधिक निर्णायक ठरतात. महाबळेश्वर येथे वार्षिक पर्जन्य ५०० सेंमी. पेक्षा अधिक असून तेथे अंजनी, जांभूळ इ. वृक्षांची सदाहरित वने आहेत. तेथून पूर्वेस थोड्याच अंतरावर पर्जन्यछायेच्या प्रदेशात तो १०० सेंमी. हूनही कमी होतो व शुष्क पानझडी वने आणि माळराने लागतात. अक्षांश जवळजवळ तोच असूनही हा फरक पडतो.

मर्यादा व वाद : फ्रेडरिक क्लेमेंट्स (१८७४–१९४५) यांच्या १९१६ मधील सिद्धांतानुसार प्रत्येक जलवायुमानास एकच चरम वनस्पतिसमूह असतो. आर्थर टॅन्झली (१८७१–१९५५) यांनी त्यास विरोध केला. मृदा, आग, चराई व मानव यांमुळेही स्थिर समूह बनू शकतात, असे त्यांचे मत होते. लेनार्ट फोन पोस्ट (१८८४–१९५१) यांनी १९१६ मध्ये दलदलीतील परागकणांवरून वनांचा भूतकाळ वाचण्याची पद्धत मांडली. हिमयुगानंतर यूरोपातील वृक्षजाती निरनिराळ्या काळी उत्तरेकडे सरकल्या, हे पुढे या पद्धतीने दिसून आले. म्हणजे वनांचे पट्टे कायमचे नसतात. आगी लागल्या नसत्या, तर पृथ्वीवरील दाट वनांचे क्षेत्र सु. दुप्पट झाले असते, असा अंदाज विल्यम बाँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रतिमानाच्या साहाय्याने वर्तविला.

या वादास व्यावहारिक महत्त्व आहे. एखाद्या प्रदेशाच्या जलवायुमानात वन वाढू शकते, एवढ्यावरून तेथील गवताळ माळ म्हणजे नष्ट झालेले वन असे मानले जाते व त्यावर वृक्षलागवड केली जाते. तो माळ मूळचा व प्राचीन असेल, तर त्यामुळे तेथील गवते व त्यांवर अवलंबून असणारे माळढोकासारखे पक्षी यांचा अधिवास नष्ट होतो. जलवायुमान वनाच्या शक्यतेची मर्यादा आखून देते. त्या मर्यादेत प्रत्यक्षात काय उगवते, हे मात्र त्या भूमीच्या इतिहासावरही अवलंबून असते.