कोरम्याचं मूळ गाव

ऑफिसात मी डबा उघडला आणि आत कोरमा असला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "वा, आज मुघलाई!" त्यात कौतुकच असतं. तरी मला वाटतं, या एका शब्दानं माझ्या अम्मीचा पाटा-वरवंटा उचलून थेट आग्र्याला नेऊन ठेवला. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या तर इथेच गेल्या.

म्हणून या वाटीभर रश्श्याचा माग काढला. 'कोरमा' हा शब्द दूरचा आहे, हे खरं. तुर्की 'कावुर्मा' म्हणजे परतलेलं, भाजलेलं. पण पदार्थांचं काय? अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त दोप्याजाचं प्रमाण दिलं आहे: 10 शेर मांसाला 2 शेर तूप आणि 2 शेर कांदा. तिखटपणा मिऱ्यांचा, लाल मिरची नाही, टोमॅटो नाही. त्याच्याही आधी, 1500च्या सुमारास, मांडूच्या सुलतानांच्या दरबारात 'निमतनामा' हा पाककृतींचा ग्रंथ तयार झाला. बाबर पानिपतला लढला तो 1526 साली. म्हणजे मुघल येण्याआधीच इथल्या मुदपाकखान्यांत असा स्वयंपाक होत होता. आणखी मागे गेलो, तर बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर भेटतो. त्याच्या संस्कृत 'मानसोल्लासा'तही मांसाच्या पाककृती आहेत.

आता हॉटेलातल्या 'शाही' ग्रेव्हीतला काजू घ्या. तो मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आणलेला. मिरचीही तशीच अमेरिकेतून आली.

अम्मी काजू वापरतच नाही. अर्ध्या किलो मटणाला ती तीन कांदे उभे चिरून लालसर तळते. दोन चमचे भिजवलेली खसखस, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं आणि तो कांदा एकत्र बारीक वाटते. आलं-लसूण आणि खड्या मसाल्यात मटण परतलं, की हे वाटण घालून तेल सुटेपर्यंत थांबायचं. मग आच अगदी मंद करून वाटीभर फेटलेलं दही चमच्याचमच्यानं घालायचं, सतत ढवळत. उकळत्या पातेल्यात एकदम ओतलं तर दह्यातली प्रथिनं आकसतात, गुठळ्या होतात आणि पाणी वेगळं पडतं. शेवटी गरम पाणी घालून मटण शिजेपर्यंत झाकण. दाटपणा येतो तो खसखस-खोबऱ्याच्या वाटणातून आणि विरघळलेल्या कांद्यातून. मलई लागतच नाही.

शेजारच्या काकू मटणाच्या रश्श्याला जवळजवळ हेच वाटण घालतात. त्या दही घालत नाहीत, काळा मसाला घालतात. त्यांच्या पातेल्याला कुणी राजवंशाचं नाव देत नाही. आम्ही सालन म्हणतो, त्या कालवण म्हणतात, आणि ईदला व दिवाळीला दोन्ही घरांतली भांडी भरून जातात, भरूनच परत येतात.

आता कुणी "मुघलाई" म्हटलं, की मी डबा पुढे करतो. "घ्या," म्हणतो, "खोबरं कोकणातलं आहे."