लसूण खाल्ला तर बीपीची गोळी बंद करता येते का?

‘रोज उपाशीपोटी लसूण खातो, मग बीपीची गोळी कशाला?’ मुळशी भागातले पेशंट हा प्रश्न नेहमी विचारतात. थोडक्यात उत्तर असे: लसूण जरूर खा, पण गोळी मनाने बंद करू नका. त्याची कारणे पाहू.

वनस्पती
लसणाचे शास्त्रीय नाव अ‍ॅलियम सटायव्हम. कांदाही याच कुळातला. लसणाला सहसा बी धरत नाही, म्हणून पाकळ्याच लावतात. महाराष्ट्रात ही लागवड रब्बीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. आपल्याच जिल्ह्यात राजगुरुनगरला कांदा-लसणाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. ‘भीमा ओंकार’ आणि ‘भीमा पर्पल’ हे लसणाचे वाण तिथलेच.

वास आणि गुण कशामुळे?
अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्यात अ‍ॅलीन हा गंधकयुक्त घटक आणि अ‍ॅलिनेज हे एन्झाइम वेगवेगळे असतात. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होते. लसणाचा उग्र वास याचाच. प्रयोगशाळेत अ‍ॅलिसिन अनेक जिवाणूंना मारते, पण ते टिकाऊ नाही. उष्णतेने एन्झाइमही निकामी होते. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटे ठेवा आणि मग फोडणीत घाला.

फायदा किती?
- रक्तदाब: वाढलेला रक्तदाब लसणाच्या पूरक गोळ्यांनी थोडा उतरल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. पण हा परिणाम औषधाची जागा घेण्याइतका भरवशाचा नाही.
- कोलेस्टेरॉल: पुरावे उलटसुलट आहेत. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 192 जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या गोळ्या किंवा औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. लसणाने वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) कमी झाले नाही.
- सर्दी-खोकला: ठोस पुरावा नाही.

कोणी जपावे?
- वॉरफेरिन, अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.
- ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल, तर लसणाच्या गोळ्या घेत असल्याचे आधीच सांगा.
- अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल, तर उपाशीपोटी कच्चा लसूण टाळा.
- एचआयव्हीची काही औषधे लसणाच्या कॅप्सूलमुळे कमी परिणाम करतात. एआरटी केंद्रात विचारून घ्या.

हे करू नका
ठेचलेला लसूण त्वचेवर बांधून ठेवू नका. भाजल्यासारखे फोड येतात, लहान बाळांना तर लवकर. कान दुखत असेल तर लसणाचे तेल घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जाते.

मग किती खावा?
जेवणातून रोज एक-दोन पाकळ्या बहुतेकांना चालतात. चटणीतून खात असाल, तर त्यातल्या मिठाकडे लक्ष ठेवा, कारण मिठानेच बीपी वाढते.

बीपीची गोळी बरे वाटले म्हणून सोडायची नसते. खर्चामुळे खंड पडत असेल, तर जवळच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची ताकद जाणे, असे काही झाले तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच 108 ला फोन करा.