तंजावरचे प्रथम दर्शन

मंडळाच्या सहलीत आम्ही तंजावर प्रथमच पाहिले. राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराची भव्यता मन दिपवून टाकते. परंतु आम्हां सर्वांची पावले थबकली ती तेथील भिंतीवरच्या मराठी शिलालेखापाशी. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे राज्य स्थापिले. त्यांचे वंशज दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ मध्ये भोसले कुलाचा इतिहास या भिंतीवर कोरविला. “इतक्या दूर, तमिळ मुलखात, हे मराठी कोणी वाचावे म्हणून?” असे आमच्यातील एका मुलाने विचारले.

उत्तर शहरातच मिळाले. १८५५ मध्ये अखेरचे राजे शिवाजी पुत्रावाचून निवर्तले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. सिंहासन गेले, सरस्वती महालातील मराठी हस्तलिखिते व मोडी कागद मात्र राहिले. तेथील मराठी कुटुंबांनी तमिळ आपलीशी केली, तरी घरातली मराठी सोडली नाही. राज्याने आणलेली भाषा अखेर माजघराने राखली. आपल्या मंडळाला राज्य कधीच नव्हते. माजघरे मात्र प्रत्येकाच्या घरी आहेत.