पाचच्या आकड्यावरचा ठिपका

आपल्या खरवईहून बदलापूर स्टेशनकडे निघालं की मोबाइलची दुकानं लागतात. आत गेलेल्या बाईला दुकानदार आधी कॅमेरा सांगतो, मग बॅटरी, मग हप्ता. ज्या घरात डोळ्यांनी न दिसणारी किंवा कानांनी न ऐकणारी बाई आहे, त्या घरासाठीसुद्धा हेच सांगतो. आणि बहुतेक वेळा ती बाई दुकानात आलेलीच नसते. भाऊ नाहीतर मुलगा फोन आणून तिच्या हातात ठेवतो. म्हणून आज फोनचा थोडा मागचा इतिहास सांगते. तो कळला की काय बघून फोन घ्यायचा तेही कळेल.

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनचं पेटंट घेतलं. ते कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला फार कमी ऐकू यायचं. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं, ती मेबल लहानपणी आलेल्या तापात ऐकण्याची शक्ती गमावून बसलेली. म्हणजे बघा, ज्या माणसाचं सगळं आयुष्य न ऐकणाऱ्यांमध्ये गेलं, त्यानंच असं यंत्र काढलं की ते घरातल्या बायकोच्याच कामाचं नाही! न ऐकणाऱ्यांना फोनची वाट मिळायला १९६४ साल उजाडलं. अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइटब्रेख्ट या शास्त्रज्ञानं टाइप केलेली अक्षरं टेलिफोनच्या तारेतून पाठवायची युक्ती काढली. ते स्वतः कर्णबधिर होते. मग १९९२ मध्ये पहिला एसएमएस गेला, १९९५ मध्ये आपल्या देशात मोबाइल आला, आणि ऐकू न येणाऱ्या मुलामुलींच्या हातात प्रथमच एक असा फोन आला ज्यात कानाची गरज नव्हती.

न दिसणाऱ्यांची गोष्ट उलटी झाली. जुना बटणांचा फोन घरात पडला असेल तर त्यावरून बोट फिरवून बघा. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा लागतो. तो हाताला लागला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. नंबर न बघता लावता येतो. २००७ नंतर काचेचे फोन आले आणि तो ठिपकाच गेला. गुळगुळीत काचेवर बोट कुठं ठेवायचं? ज्या बायका बटणं चाचपून स्वतः फोन लावायच्या, त्यांना पुन्हा कुणाला तरी हाक मारावी लागली. बाकीचं जग नव्या फोनचं कौतुक करत होतं.

हा ठिपका परत आणला तो आपल्या पुण्यात जन्मलेल्या माणसानं. टी. व्ही. रामन त्यांचं नाव, जन्म १९६५ चा. दृष्टी लहानपणापासून अधू होती, आणि काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी ती पूर्ण गेली. भाऊ पुस्तकं वाचून दाखवायचा, त्यावर अभ्यास केला. पुण्यात गणिताची पदवी, मग मुंबईची आयआयटी, मग अमेरिकेत डॉक्टरेट. गणिताची पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवणारी संगणकाची व्यवस्था हाच तिथला त्यांचा अभ्यासविषय. पुढे ते गूगलमध्ये गेले आणि काचेच्या फोनपाशी येऊन अडले. मग त्यांनी काय केलं? बोट काचेवर पहिल्यांदा जिथं टेकेल तीच जागा पाच समजायची! तिथून बोट वर डावीकडे सरकवलं की एक, खाली उजवीकडे सरकवलं की नऊ. आकडा चुकला तर फोन हलवायचा, तो पुसला जातो. काच तशीच राहिली, ठिपका मात्र माणसाच्या बोटाबरोबर फिरू लागला. मला विचाराल तर फोनच्या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर युक्ती आहे, आणि ती गरज असलेल्या माणसालाच सुचली.

२००९ साली अँड्रॉइडच्या फोनात टॉकबॅक आलं, त्याच वर्षी आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आलं. बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतो. २०१७ मध्ये मराठीत बोलून टाइप करता येऊ लागलं. २०१९ मध्ये समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारं लाइव्ह ट्रान्सक्राइब आलं, तेही ऐकू न येणाऱ्या एका संशोधकाच्या कामातून.

आपल्या गटाच्या दृष्टीनं खरी गोष्ट पैशाची आहे. २०१६ नंतर नोटांचे आकार बदलले, आणि बोटांनी नोट ओळखणाऱ्यांची पंचाईत झाली. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडनं उच्च न्यायालयात दाद मागितली. १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेनं ‘मणी’ नावाचं अ‍ॅप काढलं. फोनसमोर नोट धरली की ती कितीची ते बोलतं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मग बँकेत नवी अडचण आली. ओळख पटवायला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा! अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या प्रज्ञा प्रसून यांनी पापणी मिटवायची कशी? त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, एक दृष्टिहीन वकीलही गेले. ३० एप्रिल २०२५ ला निकाल आला: अशा सोयी वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पटवण्याचे दुसरे मार्ग ठेवा.

तर फोन घेताना जिला वापरायचा आहे तिलाच दुकानात न्या. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडायला लावून टॉकबॅक तिथंच चालू करा. एका टिचकीनं काहीच उघडेना झालं की दुकानदार गोंधळेल, तुम्ही गोंधळू नका. मराठी आवाज लावून ऐका. बोट टेकल्यावर फोन लगेच बोलतो का बघा. उशिरा बोलणारा फोन कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा, रोज त्याच्याशी भांडावं लागेल. कडेची बटणं बोटांना वेगवेगळी कळायला हवीत. अंगठ्याचा ठसा काचेखाली घेणारा फोन दिसायला छान असतो, पण न दिसणाऱ्या बाईला तो ठसा शोधत बसावं लागतं. बटणावर ठसा घेणारा बरा. इअरफोनची जागा असेल तर उत्तम, नाहीतर शिल्लक किती ते फोन सगळ्या बसला ऐकवेल.

ऐकू न येणारीसाठी थरथर जोराची हवी, फोन आल्यावर दिवा लुकलुकायला हवा, आणि खुणांनी बोलायचं तर पुढचा कॅमेरा कमी उजेडात हात स्पष्ट दाखवणारा हवा. इथं मात्र दुकानदाराला कॅमेऱ्याबद्दल बोलू द्या.

टॉकबॅकमध्ये पडदा काळा ठेवायची सोयही आहे. फोन चालू राहतो, बोलतो, पण शेजारी बसलेल्याला काही दिसत नाही. निराधार योजनेचे पैसे खात्यात आल्यावर ओटीपी कुणाला वाचायला द्यायचा हा प्रश्नच मग उरत नाही. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ही सोय तिला शिकवा, आणि फोनच्या कुलपाचा नंबर तिचा तिलाच ठरवू द्या.