वस्ताद (मर्दानी खेळ)

मर्दानी खेळांचा आखाडा चालवणारा, शस्त्रविद्या व स्वसंरक्षण शिकवणारा गुरू. हे खेळ मराठेशाहीतील युद्धविद्येतून आले असून त्यांची परंपरा आजही प्रामुख्याने कोल्हापुरात टिकून आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) तेथील तालमींना राजाश्रय लाभला (पहा : कुस्ती, तालीम).

वस्तादाची वाटचाल पठ्ठा म्हणून सुरू होते. आधी पवित्रे, मग लाठी व फरीगदगा. त्यानंतर ढाल-तलवार, भाला आणि दोरी बांधलेला, फेकून परत ओढता येणारा विटा. दांडपट्टा सर्वांत कठीण. सरळ, लवचिक पात्याच्या या शस्त्राची मूठ लोखंडी खोबळ्यात असते व खोबळा हाताला कोपरापर्यंत झाकतो. मनगट वळत नसल्याने वार खांदा, कंबर व पायांच्या फिरकीतून काढावा लागतो. जमिनीवरचे लिंबू पट्ट्याने कापणे ही त्यातील प्रसिद्ध कसोटी. ही विद्या पुस्तकातून येत नाही. म्हणून वस्तादाचे स्थान मध्यवर्ती.

शिवजयंतीच्या मिरवणुकांत प्रात्यक्षिके होतात. पूर्वी पुरुषांपुरत्या असलेल्या या आखाड्यांत आता मुलीही स्वसंरक्षणासाठी लाठी शिकतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्र घोषित केले.