सोची

सोची : रशियाच्या क्रास्नोदार प्रांतातील, काळ्या समुद्राच्या ईशान्य किनाऱ्यावरील विख्यात आरोग्यधाम व बंदर. लोकसंख्या ४,६६,०७८ (२०२१). १९६१ साली शेजारची किनारी गावे नगराच्या हद्दीत सामील झाल्यापासून त्याचा विस्तार वायव्येकडील शेप्सी नदीपासून अबखाझियाच्या सरहद्दीवरील प्सोऊ नदीपर्यंत, म्हणजे सुमारे १४५ किमी. लांबीच्या अरुंद पट्टीत झालेला असून, लाझारेव्स्कोये, मध्य सोची, खोस्ता व आदलेर असे त्याचे चार प्रशासकीय विभाग आहेत.

व्लादिव्होस्तोक आणि सोची ही दोन्ही नगरे जवळजवळ एकाच अक्षांशावर वसलेली असताना, पहिल्याचा उपसागर हिवाळ्यात गोठतो आणि दुसऱ्याच्या रस्त्यांवर ताडवृक्ष व मॅग्नोलिया बहरतात, याचे कारण असे की उत्तरेचे शीत वारे काकेशसच्या उत्तुंग रांगा अडवून धरतात आणि समुद्र उन्हाळ्यात साठविलेली उष्णता थंडीत सावकाश परत करतो. त्याच पर्वतांमुळे वार्षिक पर्जन्यमान १,५०० मिमी.च्या वर जाते. समुद्राची क्षारता महासागराच्या सुमारे निम्मी, भरती-ओहोटी जवळजवळ न जाणवणारी, आणि किनारा वाळूचा नसून गोट्यांचा आहे. त्यामुळे अनवाणी चालणे कष्टप्रद असले, तरी शांत दिवशी पाणी विलक्षण निर्मळ दिसते.

हा मुलूख मूळचा उबिख, शापसुग इत्यादी पर्वतीय चेर्केस जमातींचा. १८२९ च्या एद्रिनेच्या तहाने उस्मानी सुलतानाने या किनाऱ्यावरील आपला हक्क रशियाला दिला. परंतु ज्यांची ती भूमी होती त्यांनी तो तह मानला नाही. १८३८ मध्ये रशियनांनी येथे गढी बांधली आणि दीर्घ संग्रामानंतर २१ मे १८६४ रोजी आजच्या क्रास्नाया पोल्यानाच्या परिसरात विजयी सैन्याचे संचलन होऊन काकेशस युद्धाची समाप्ती जाहीर झाली. त्यानंतर जवळजवळ संपूर्ण उबिख समाज उस्मानी साम्राज्यात निर्वासित झाला. त्याची भाषा अस्खलित बोलणारा शेवटचा वृद्ध १९९२ मध्ये तुर्कस्तानात निवर्तला. चेर्केस लोक जगभर २१ मे हा शोकदिन म्हणून पाळतात. ओस पडलेल्या खोऱ्यांत पुढे रशियन, आर्मेनियन, ग्रीक व एस्टोनियन वसाहती झाल्या. १८९६ मध्ये वस्तीला नदीवरून ‘सोची’ हे नाव मिळाले आणि १९१७ मध्ये नगराचा दर्जा.

आरोग्यधाम म्हणून नगराचा उदय मात्सेस्ताच्या गंधकयुक्त झऱ्यांमुळे झाला. या पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे त्वचा काही मिनिटांत आरक्त होते. म्हणून स्नान वैद्याच्या सल्ल्याने व ठरावीक मुदतीपुरतेच दिले जाते. १९०९ मध्ये ‘काव्काझस्काया रिव्हिएरा’ हे आलिशान हॉटेल धनिकांसाठी उघडले. पण सोचीला खरे रूप दिले ते सोव्हिएत राजवटीने. १९१९ च्या फर्मानाने आरोग्यस्थाने राष्ट्राच्या मालकीची ठरली, १९३६ च्या राज्यघटनेने विश्रांतीचा हक्क नागरिकांस दिला, आणि कामगार संघटनांमार्फत मिळणाऱ्या परवानाचिठ्ठीवर खाणकामगार व शिक्षक येथे येऊ लागले. मिरॉन मेर्झानोव्ह यांचे लाल सैन्यासाठी उभारलेले व्होरोशिलोव्ह आरोग्यभवन (१९३४) आणि ऑर्जोनिकिद्झे आरोग्यभवन, या दोन्ही वास्तूंत डोंगरावरून थेट किनाऱ्याशी नेणाऱ्या दोरखेच गाड्या बसविल्या होत्या. श्रमिकाच्या विश्रांतीसाठी एवढे वैभव खर्च करणारे नगर इतिहासात विरळा. त्याच काळी स्टालिनचा हिरवा बंगलाही येथेच उभा राहिला, हे विसरता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात येथील आरोग्यभवने जखमी सैनिकांची रुग्णालये झाली.

प्रेक्षणीय स्थळांत सेर्गेई खुदेकोव्ह यांनी १८९२ मध्ये स्थापिलेला वृक्षोद्यान-संग्रह, ८८ स्तंभांचे हिवाळी नाट्यगृह, १९५५ मधील समुद्रस्थानकाचा उंच मनोरा, ६६३ मी. उंचीच्या आखून टेकडीवरील बुरूज, खोस्ताचे प्राचीन यू वृक्षांचे वन, आणि ‘पोलाद कसे घडले’ या कादंबरीचे अंध लेखक निकोलाय ओस्त्रोव्हस्की यांचे घर यांची गणना होते. सोलोखाउल येथे यूदा कोश्मान या शेतकऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी चहा रुजविला; जगातील अत्युत्तरेच्या चहामळ्यांत त्यांचा समावेश होतो. २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी आदलेरजवळच्या इमेरेती सखल प्रदेशात क्रीडागृहे व क्रास्नाया पोल्यानापर्यंत नवा लोहमार्ग झाला. २१ मे २०१८ रोजी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी व रशियाचे अध्यक्ष पुतिन यांची अनौपचारिक भेट येथेच झाली.

परदेशी प्रवाशास सप्टेंबर व ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा काळ सर्वोत्तम. समुद्र उबदार असतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. मॉस्कोहून आगगाडीस सुमारे एक अहोरात्र लागते, आणि तुआप्सेनंतर ती लाटांना लागून धावते. भारतीय नागरिकांस ऑगस्ट २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक व्हिसा मिळू शकतो. सरहद्दीवर मिळणारा प्रवेशाचा कागद जपून ठेवावा, आणि मुक्कामाची नोंद सरकारदरबारी यजमानाने करावयाची असल्याने हॉटेलात तिची खातरजमा करावी. मार्च २०२२ पासून परदेशी बँकांची व्हिसा व मास्टरकार्ड पत्रे चालत नाहीत, म्हणून रोख रक्कम अनिवार्य. युक्रेन युद्धामुळे विमानतळ वारंवार तात्पुरता बंद ठेवला जात असल्याने प्रवासात मोकळे दिवस राखावेत. किनाऱ्यावर घालण्यास जाड तळव्यांची पादत्राणे हवीत.

या नगराकडे केवळ उन्हाळी सहलीचे ठिकाण म्हणून पाहणारा प्रवासी त्याचा थोडाच भाग पाहतो. सामान्य श्रमिकालाही समुद्र, सूर्य आणि औषधी जल यांवर हक्क आहे हा उदात्त विचार येथे दगडमातीत उभा राहिला, हे जितके आदराने सांगितले पाहिजे, तितक्याच स्पष्टपणे हेही सांगितले पाहिजे की हा किनारा रिकामा सापडलेला नव्हता, तो रिकामा करण्यात आला. क्रास्नाया पोल्यानाच्या हिमाच्छादित उतारांवर क्रीडेसाठी जाणाऱ्याने १८६४ चा तो मे महिना जाणून घेऊनच तेथे पाऊल ठेवणे, हे पाहुणा म्हणून त्याचे कर्तव्य आहे.