फॅरेडेचं इंग्रजी

मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आलेल्या पोरांचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. दहावीपर्यंत 'सहसंयुज बंध' तोंडपाठ असतो, आणि कॉलेजात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 'कोव्हॅलंट बॉन्ड' येतो. बंध तोच, त्यातले दोन इलेक्ट्रॉनही तेच, पण आपण शेवटच्या बाकावर गप्प. माझं इंग्रजी जे काही सुधारलं ते ग्रामरच्या क्लासात नाही, त्याच केमिस्ट्रीच्या पुस्तकात. असं का झालं असावं, ते हल्ली वीकेंडला मायकेल फॅरेडेबद्दल वाचताना थोडं कळलं.

फॅरेडे १७९१ सालचा, लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी लंडनमध्ये एका बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला, ती सात वर्षं. बांधायला आलेली पुस्तकं हा पठ्ठ्या वाचून काढायचा. त्यातलंच एक जेन मार्सेट या बाईंचं 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री' (१८०६). एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या गप्पा, बस्स. मुली मध्येच अडवतात, शंका काढतात, बाई न चिडता समजावतात. फॅरेडे खिशाला परवडतील ते प्रयोग स्वतः करून बघायचा.

आता गंमत बघा. याची मातृभाषा इंग्रजीच, पण व्याख्यान देणाऱ्यांची इंग्रजी वेगळी! ती त्याला शिकावीच लागली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असिस्टंट म्हणून चिकटल्यावर त्याने मित्राकडून स्वतःचं बोलणं तपासून घेतलं, १८१८ मध्ये वक्तृत्वाच्या व्याख्यानांना बसून नोट्स काढल्या. आपल्याकडचे स्पोकन इंग्लिशचे क्लास आठवले ना? :)

पुढे १८३४ मध्ये त्याला शब्दच कमी पडले. द्रावणातून वीज सोडली की पदार्थ फुटतात, त्यावर तो काम करत होता. तारांच्या टोकांना तेव्हा 'पोल' म्हणत. पण पोल म्हटलं की चुंबकासारखी ओढ आली, आणि फॅरेडेला ते मान्य नव्हतं. ग्रीक येत नव्हतं, म्हणून त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलला पत्र टाकलं. उत्तर आलं: अ‍ॅनोड, कॅथोड, आयन. वर जायची वाट, खाली जायची वाट, आणि 'जाणारा'. वर-खाली म्हणजे सूर्य उगवतो आणि मावळतो त्या बाजू. वीज नक्की काय आहे, कुठून कुठे वाहते, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. उद्या उलटं निघालं तरी नाव मोडू नये, हा हिशोब.

आणि उलटं निघालंच! १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, आणि तारेत तो ठरवलेल्या दिशेच्या विरुद्ध धावतो असं कळलं. नावं मात्र टिकली. आपलं 'धनाग्र' इथे अडकतं. टॉर्चच्या सेलमध्ये अ‍ॅनोड ऋण टोकाला असतो, मग त्याला धनाग्र कसं म्हणायचं? व्हेरिएबलच्या नावात आजचं इम्प्लिमेंटेशन कोंबू नये, हे आम्हाला कोड रिव्ह्यूमध्ये बोलणी खाऊन कळतं. असो.

'इलेक्ट्रॉन' हे नाव स्टोनीने १८९१ मध्येच सुचवलं होतं. थॉमसन स्वतः बरीच वर्षं 'कॉर्पसल' म्हणत राहिला. 'बॉन्ड' केमिस्ट्रीत आणला फ्रँकलंडने, १८६६ मध्ये. हा तर आपल्या 'बंध'चा लांबचा भाऊ, दोघांचं मूळ एकच. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात हे लुईसने १९१६ मध्ये मांडलं, आणि १९१९ मध्ये लँगम्यूरने त्याला 'कोव्हॅलन्स' म्हटलं. यातलं 'व्हॅलन्स' लॅटिनमधल्या बळावरून आलं. व्हॅल्यू, व्हॅलिड, इक्विव्हॅलंट, प्रिव्हेल, सगळी त्याच घरची मंडळी. एक शब्द फोडला की चार फुकट! आणि 'को' म्हणजे 'सह', तेव्हा आपला 'सहसंयुज' इथे अगदी मापात बसतो.

म्हणजे हे शब्द इंग्रज पोरांनाही आईच्या तोंडून मिळालेले नाहीत. तेही ते फळ्यावरूनच उतरवून घेतात. शेवटच्या बाकावर असताना हे कुणी सांगायला हवं होतं.

मार्सेटबाई १८५८ मध्ये गेल्या. नावारूपाला आल्यावर फॅरेडे आपले पेपर छापून आले की आभार म्हणून त्यांना पाठवायचा.